दोन हंगामांची अट

सेटिंग या प्रकारावर माझा पहिल्यापासून राग आहे. पोट त्याच्यावरच भरतं, तरी राग आहे. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, ते सांभाळणाऱ्या मुख्य माणसासाठी आतल्या बाजूला एक वेगळं पान असतं. कोणाला काय दिसावं, कोणती नोंद किती दिवस ठेवावी, कोणतं काम आपोआप व्हावं, हे तिथे ठरवायचं. ती पानं मी बनवते. लोक ॲपचा रंग पाहतात, चित्रं पाहतात. माझ्या पानाकडे कोणी बघत नाही, आणि बघितलंच तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत असलं एक पान माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यात इतकी बटणं होती की खाली सरकवता सरकवता बोट दुखावं. प्रत्येक गिऱ्हाइकाने काहीतरी मागितलं होतं आणि प्रत्येकाला 'ठेवू की एक सेटिंग' म्हणून गप्प केलं होतं. कोणतं बटण दाबल्यावर काय होतं, हे खुद्द कंपनीत कोणाला सांगता येत नव्हतं. एकदा एका माणसाने सहज एक बटण दाबून पाहिलं आणि त्याच्या सगळ्या ऑफिसचे पासवर्ड उडाले. फोनवर तो मला वाट्टेल ते बोलला. त्या दिवशी माझ्या वरच्या बाईंनी मला समजावलं, की ज्या गोष्टीचा निर्णय घ्यायचा आपल्याला कंटाळा येतो तिची आपण सेटिंग करतो आणि समोरच्याच्या अंगावर ढकलतो. मला ते इतकं पटलं की मी त्याचं व्रतच घेतलं. सेटिंग कमीत कमी द्यायच्या, बाकीचं आपण एकदा नीट विचार करून ठरवून टाकायचं. पुढे माझी तशी ख्यातीही झाली. 'हिच्याकडे सेटिंग मागायची असेल तर भांडायच्या तयारीने जा,' असं ऑफिसात म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं.

आईची तब्येत बिघडली तशी मी चंद्रपूरला परत आले आणि घराच्या वरच्या खोलीत कूलर लावून तेच काम करू लागले. सकाळी लॅपटॉपवर कोळशाची बारीक पूड बसलेली असते, ती पुसायची आणि बसायचं. त्यातच एक दिवस बियाणे बँकेच्या भाऊंचा फोन आला.

हे भाऊ म्हणजे एका छोट्या संस्थेचे माणूस, पन्नाशीचे, मूळ नागभीडकडचे. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावांत त्यांची सहा केंद्रं होती. केंद्र म्हणजे एक खोली. खोलीत लाकडी फळ्या, फळ्यांवर प्लास्टिकच्या बरण्या, प्रत्येक बरणीत एकेका जुन्या धानाचं बियाणं आणि वर कडुलिंबाचा पाला. बाजारातलं बियाणं आल्यापासून जे धान कोणी लावत नाही, ते गावकऱ्यांकडून आणून इथे ठेवायचे. ज्याला लावायचं असेल त्याने न्यायचं आणि कापणी झाली की परत आणून द्यायचं. सगळी नोंद एका लांबलचक वहीत होती आणि ती वही फक्त भाऊंना वाचता यायची.

"ताई, बरण्या पुरून नाई राह्यल्या," भाऊ म्हणाले. मी केंद्र पाहायला गेले होते आणि आम्ही त्या खोलीच्या दारात उभे होतो. "जुनं बियाणं पडून राहते, त्याले घुण लागते, मंग ते उगवत नाई. अन् नवीन कोणी आणलं तं ठेवाले जागा नाई. कोणती बरणी रिकामी करायची, ते कॉम्प्युटरनं सांगतलं पाहिजे."

"बियाणं किती दिवस टिकतं?"

"धान दोन साल. लय बेस ठेवला तं तिसरं."

"मग दोन. लागोपाठ दोन हंगाम कोणी पेरला नाही, की बरणी रिकामी करायच्या यादीत. झालं!"

भाऊंनी कान खाजवला. "पण ताई, एखादी थांबवाची असन तं? म्हणजे देणाऱ्या माणसाले आधी विचारून घ्यावं, अशी काही सोय…"

झालं, माझं डोकं फिरलं. "भाऊ, थांबवायची सोय दिली तर तुम्ही एकूण एक बरणी थांबवाल. तुमचा स्वभाव मला दिसतोय ना! मग यादी कशाला आणि मी कशाला? वहीच बरी आहे की तुमची."

भाऊ हसले. "तुमचंच खरं," म्हणाले. मी पुण्याहून शिकून आलेली, आणि ते साधे शेतीची पदविका केलेले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

वहीच्या जागी मी त्यांना एक टूल बनवून दिलं आणि त्यात पाच सेटिंग दिल्या. केंद्राचं नाव, भाषा, हंगाम सुरू व्हायची तारीख, बरण्यांची संख्या आणि नोंदी कोण बदलू शकेल ते. दोन हंगामांची अट त्यात नव्हतीच. ती मी आत पक्की करून टाकली, कोणी हात लावायचा प्रश्नच नाही. बरण्यांवर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या घामट हातांनी पुसट होत होत्या, म्हणून मीच त्या काढायला लावल्या आणि नुसते नंबर टाकले. नाव पाहायचं तर टूलमध्ये पाहा. एक सोय मात्र मी आनंदाने दिली. यादीतल्या एकेका बरणीवर 'मान्य' करत बसायचा भाऊंना त्रास होईल असं वाटलं, म्हणून खाली एक बटण ठेवलं, 'सर्व मान्य'. इतकं नेटकं पान मी त्याआधी केलं नव्हतं. भेटेल त्याला मी ते दाखवत होते.

काम चालायचं ते असं. मे महिन्यात भाऊ बियाणं देणाऱ्या प्रत्येकाला फोन करायचे, 'यंदा तुमचा धान पेरला होता का?' विचारायचे आणि हो किंवा नाही यावर बोट टेकवायचे. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. भाऊ सगळ्यांना सांगायचे, ताईनं आपली वही सोडवली म्हणून.

दुसऱ्या वर्षी मेअखेर केंद्रातल्या बायांना टूल शिकवायला मी चंद्रपूरहून बसने गेले. खोलीत पंखा होता पण वीज नव्हती. दुपारी आम्ही आठ-दहा जणी आणि भाऊ बाहेर मोहाच्या सावलीत जेवायला बसलो. अंबाडीची भाजी, तलावातल्या मासोळीचं कालवण आणि भात. भात किंचित लालसर होता.

"ताई, हा भात खाऊन पाहा," भाऊ म्हणाले. "आपली यादी निघाली ना, सकाळी बायांनी बरण्या रिकाम्या केल्या. बाकीच्यांले घुण लागला होता, ते कोंबड्यांले टाकलं. ही एक बरणी बेस निघाली, म्हणून कांडून घेतली."

मला तर अभिमानच वाटला. बघा, म्हटलं, अडून पडलेली जागा मोकळी झाली आणि वर जेवणही झालं. भात इतका चांगला होता की नुसत्या मिठाशी खाल्ला असता. मी दोनदा घेतला. सगळ्या बरण्यांना घुण लागला आणि हीच एक ताजी कशी, हा प्रश्न तिथे बसलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

मृग लागला, सगळीकडे पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका वाफ्यात दाट पेरायची आणि मग उपटून बांधीत, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेतात, लावायची. पऱ्हे टाकायचे दिवस गेले की त्या सालचा धान गेला. त्याच दिवसांत एका सकाळी भाऊंचा फोन आला.

"ताई, एक बरणी दिसून नाई राह्यली. काळा धान, लांब कुसाचा, दाण्याच्या टोकाले लांब कुसळ राहते तो. ज्या बाईंचा आहे त्या आल्या आहेत बियाणं न्याले. फळीवरही नाई अन् टूलमध्येही नाई."

त्या बाई मला ऐकून माहीत होत्या. साठीच्या, ढीवरांच्या घरातल्या. घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. नवरा आणि मुलगा मासे धरतात, आणि पाळीखाली त्यांची एक बांधी. आदल्या वर्षी चिखलात घसरून त्यांचा पाय मोडला होता.

"नीट शोधा भाऊ. टूल खोटं बोलत नाही," मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. उघडता उघडता त्या बरणीच्या जुन्या नोंदी दिसल्या: पहिलं वर्ष, पेरला नाही. दुसरं वर्ष, पेरला नाही. "अहो, त्यांनी स्वतःच तर दोन वर्षं पेरला नाही म्हणून सांगितलंय! द्या बरं त्यांना फोन."

फोन स्पीकरवर गेला. मी जरा कडक आवाजातच विचारलं, "बाई, तुम्ही दोन्ही वर्षं भाऊंना 'नाही पेरला' असं सांगितलं ना?"

"हव. नाईच पेरला."

"मग बियाणं जुनंच झालं ना? दोन वर्षांनी ते उगवणार कसं?"

"पेरला नाई वो बाई, जितं ठेवला. कोपऱ्यात एक मूठ टाकते मी दर साली. बाकी बांधीत मोठा धान राहते, दुकानातला. ते एक मूठ म्हनजे पेरनं थोडीच होते? त्याले कोनी पेरला म्हनत नाई. अन् कापनी झाली का तुमच्या बरनीतला जुना काढून नवा टाकत होती. भाऊले विचार."

मागून भाऊंचा आवाज आला. "हव ताई, त्या बदलून देत होत्या."

"मग त्याची नोंद का नाही केली?"

"कुठी करू? त्याच्यात तशी जागाच नाई."

बाई बोलतच होत्या. "मागच्या साली पाय मोडला, बांधी ठेक्यानं देल्ली, तं एक मूठही टाकता नाई आली. म्हनून घरचाही सारा आनून तुमच्या बरनीत ओतला. घरी कोंबड्या, उंदरं. इथी बेस राहीन म्हनलं. आता माह्या घरी एक दाना नाई बाई. लवकर पाहा, पऱ्हे टाकाचे दिवस चालले."

त्यांचं बोलणं चालू असतानाच मी ती बरणी कोणी, कधी हलवली याच्या नोंदीपर्यंत पोचले. तीन ओळी होत्या. आपोआप यादीत: दोन हंगाम पेरणी नाही. मान्यता: सर्व मान्य. बरणी रिकामी केली. पुढे तारीख. ती तारीख मी बायांना टूल शिकवायला गेले होते त्या दिवसाची होती.

"भाऊ, स्पीकर बंद करा," मी म्हटलं. "आणि बाहेर या."

थोड्या वेळाने हातपंपाचा आवाज आला, म्हणजे ते बाहेर आले होते. मी काही बोलायच्या आतच ते हळू म्हणाले, "ताई… तो भात?"

"हो."

मग त्यांनी आत जाऊन बाईंना सांगितलं की बरणी दुसऱ्या केंद्रावर गेली असेल, शोधून राह्यलो, आठ दिवसांत सांगतो. ते खोटं होतं आणि ते मला चाललं.

त्या आठ दिवसांत मी जेवढी वणवण केली तेवढी कधी केली नसेल. सहाही केंद्रांच्या फळ्या भाऊंनी स्वतः हातांनी तपासल्या. सिंदेवाहीला धानाच्या संशोधनाचं काम करणाऱ्यांना विचारलं. त्यांनी आपुलकीने बरेच काळे धान दाखवले, पण लांब कुसाचा, आतून लाल, असा तो एक नव्हता. बाईंनी हा धान लग्नात माहेराहून आणला होता, वैनगंगेच्या पलीकडून, गडचिरोलीच्या बाजूने. आईने लुगड्याच्या पदरात बांधून दिला होता. मी दोन बस बदलून त्या गावी गेले. त्यांचा भाचा दारात बसला होता. "होता ना, आजी होती तेव्हा," तो म्हणाला. "आता कोण ठेवते बापा? तो लय उशिरा येते, अन् वाऱ्यानं आडवा पडते." त्याने मला चहा पाजला आणि आणखी तीन घरं दाखवली. तिन्ही घरी नव्हता.

परतीच्या बसमध्ये मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते. भाऊंवर चिडले, बाईंवर चिडले की 'एक मूठ टाकली' हे आधी सांगायला काय झालं होतं. मग आठवलं की कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचा प्रश्न मी लिहिला होता, आणि उत्तरांच्या दोन जागाही मीच ठेवल्या होत्या.

भाऊंना एक युक्ती सुचली. सिंदेवाहीला दाखवलेल्या धानांतला एक दिसायला बराच तसा होता. "तो आणून देऊ ताई. कुसं आखूड आहेत, पण प्रवासात तुटली म्हणता येईन. त्यांच्या जिवालेही बरं वाटन." खोटं कशाला सांगू, तासभर मला ते पटलंही. मग मी नाही म्हटलं. बाई दाणा दाताखाली धरतील आणि ओळखतील, आणि समजा नाहीच ओळखला तर उरलेलं आयुष्य भलताच धान आईचा म्हणून जगवत बसतील. भाऊंनी मान हलवली. त्यांनाही ते आवडलं नव्हतंच.

मग मी काय केलं? लगेच जाऊन सांगितलं का? नाही. मी वरच्या खोलीत बसले आणि ते पान पहिल्यापासून नव्याने केलं. तीन दिवस. दोन हंगामांची अट आतून उपटून बाहेर आणली आणि प्रत्येक बरणीला तिची वेगळी मुदत दिली. यादीत येणं वेगळं आणि रिकामी करणं वेगळं, या दोन गोष्टी तोडल्या. बियाणं देणाऱ्याला विचारलं, कोणी विचारलं आणि तो काय म्हणाला, हे लिहिल्याशिवाय बरणी रिकामी करायचं बटण दिसणारच नाही असं केलं. 'सर्व मान्य' काढून फेकलं. 'पेरला का?' या प्रश्नाला तिसरं उत्तर ठेवलं, 'कोपऱ्यात जितं ठेवला'. बरणीतलं बियाणं बदलल्याची तारीख टाकायला जागा केली. प्रत्येक धान अर्धा अर्धा दोन केंद्रांत ठेवला नसेल तर वर लाल पट्टी. ज्या सेटिंगांना मी आयुष्यभर नाकं मुरडली त्यांची संख्या पाचावरून कुठल्या कुठे गेली, आणि तरी ते पान वाचायला सोपं होतं. इतकं चांगलं काम मी कधी केलं नाही, हे मला करतानाच कळत होतं. आणि हेही कळत होतं, की बाईंना तोंड दाखवायचं टाळायला मी ते इतकं नीट करत बसले आहे. तोवर पऱ्हे टाकायचे दिवस संपले.

शेवटी भाऊ आणि मी त्यांच्या घरी गेलो. पाळीवर बांबूवर जाळी वाळत टाकलेली होती. बाई ओसरीवर बसून, मोडलेला पाय लांब सोडून, एका जाळ्याचं भोक विणत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. भाऊ कुंपणापाशीच थांबले.

"बाई, तुमची बरणी रिकामी झाली," मी म्हटलं. "हरवली नाही. दोन साल पेरला नाही की रिकामी करायची, असं मीच ठरवून ठेवलं होतं. कोणाला विचारायची सोय भाऊ मागत होते, ती मी दिली नाही."

"रिकामी झाली म्हनजे?"

"त्यातला धान काढला."

"काढून कुठी ठेवला?"

"कांडला," मी म्हटलं. "शिजवला. आम्ही खाल्ला, बाई. मीही खाल्ला."

त्यांनी जाळं खाली ठेवलं. "खाल्ला?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज असा चढला की सून भांडं घेऊन दारातच थबकली. "बियाचा धान खाल्ला? बियाचा धान कोनी खाते का वो? भूक लागली होती तं माह्या घरी याचं होतं, पायलीभर तांदूळ रांधून घातला असता! जळो तुहा तो कॉम्प्युटर! माह्या मायनं देल्ला होता तो. चाळीस साल झाले, हे पायाचं साल सोडलं तं एक साल चुकू नाई देल्लं. पोरं झाली, सासू गेली, घरात पुराचं पानी घुसलं, तरी नाई चुकू देल्लं. अन् तुमच्या खोलीत बेस राहीन म्हनलं मी. मीच म्हनलं! माह्याच हातानं आनून ओतला!"

मी चिडकी बाई आहे. मला कोणी एक बोललं तर मी दोन बोलते. त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. भाऊ कुंपणाशी उभे राहून उपरण्याने डोळे पुसत होते. बाईंना दम लागला तेव्हा त्या थांबल्या.

मग मी एक मूर्खपणा केला. पिशवीतून टॅब काढला आणि त्यांना ते नवीन पान दाखवायला लागले. काहीतरी केलं आहे हे त्यांना दिसावं, एवढंच डोक्यात होतं. हे पाहा बाई, म्हटलं, आता तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाची बरणी हलणार नाही. हे पाहा, कोपऱ्यात जितं ठेवला, हेही आता लिहिता येतं. बाईंनी डोळे बारीक करून बोट न लावता पाहिलं.

"हे माह्यासाठी केलं?"

"हो."

"मले विचारसान आता?"

"दर साली. आधी तुम्हाला विचारणार, मगच."

"काय विचारसान?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "बरनीत काय हाय?"

मी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला. सुनेने पाणी आणून दिलं, ते आम्ही प्यायलो. बाईंनी जाळं पुन्हा हातात घेतलं, दोन गाठी मारल्या, आणि खाली पाहतच विचारलं, "कसा लागला?"

"काय?"

"भात. कसा लागला तुले?"

चांगला नव्हता म्हणाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं का वाईट, मला कळेना. म्हणून खरं तेच सांगितलं. मोकळा होता. गोडसर होता. शिजल्यावर लालसर दिसत होता. कालवण नसतं तरी चाललं असतं. "मी दोनदा घेतला, बाई."

"दोनदा घेतला?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "बरं केलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाळंतपनात सासूनं एक वाटी पेज करून देल्ली होती, तेवढीच. पोटभर मी तं कधी खाल्लाच नाई. बियालेच ठेवत आली."